‘डोळा चिकटला’ : नेत्रातील आसंजकाच्या अपघातांचे तातडीचे उपचार आणि त्यांतील शब्दांचा वाटा

मराठीत ‘डोळा चिकटला’ हे वाक्य नवे नाही. डोळे आले म्हणजे सकाळी पापण्या चिपडाने एकमेकींस धरून बसतात आणि घरातील वडीलधारी माणसे कोमट पाण्याने भिजवून त्या सोडवितात. ह्या वाक्याचा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेला असल्यामुळे ते कानी पडताच ऐकणाऱ्याच्या मनात एक साधा, साथीचा आजार उभा राहतो. अपघाताची शंका येत नाही. परंतु गेल्या काही दशकांत घरोघर आणि दुकानोदुकानी झटपट जोडणाऱ्या आसंजकाच्या लहान नळ्या पोहोचल्या आणि ह्याच वाक्याला दुसरा अर्थ प्राप्त झाला. नळीतून उडालेला एक थेंब डोळ्यात जातो, पापण्या मिटतात आणि मिटलेल्याच राहतात. दूरध्वनीवरून किंवा रुग्णालयाच्या अपघात विभागाच्या दारात नातेवाईक जे सांगतो तेही ‘डोळा चिकटला’ एवढेच असते. कर्ता तोच, क्रियापद तेच. करावयाचे उपचार मात्र वेगळे.

नेत्रवैद्यकाचा हा विषय भाषेच्या अभ्यासकाच्या कक्षेबाहेरचा वाटण्याचा संभव आहे. तथापि तातडीच्या उपचाराची पहिली पाच-दहा मिनिटे बहुधा बोलण्यातच जातात. काय गेले, केव्हा गेले, कशातून गेले आणि त्यानंतर घरी काय केले, ह्या चार प्रश्नांच्या उत्तरांवर पुढील सर्व क्रिया अवलंबून असते. उत्तर देणारा घाबरलेला असतो, आणि घाबरलेला मनुष्य आपल्या बोलीतील सर्वांत जवळचा शब्द उचलतो. त्या शब्दाची व्याप्ती किती, हे जाणणे म्हणूनच निदानाचा एक भाग ठरते.

चिकट पदार्थांची जुनी मराठी नावे त्यांच्या मूळ द्रव्यांवरून परस्परांपासून वेगळी पडलेली आहेत. बाभळीचा तो डिंक, पिठाची ती खळ, जनावरांच्या हाडाकातड्यांपासून काढलेला तो सरस. राळ आणि लाख ही आणखी निराळी. सुताराच्या घरी सरस आणि पुस्तके बांधणाऱ्याच्या घरी खळ असे, आणि नाव घेताच पदार्थ कळत असे. कृत्रिम रसायने आल्यावर ही व्यवस्था मोडली. आज ‘गोंद’, ‘गम’, ‘सोल्यूशन’ आणि ‘फेविकॉल’ हे शब्द कोणत्याही चिकट वस्तूला लावले जातात. परिभाषाकोशातील ‘आसंजक’ हा शब्द शास्त्रशुद्ध आहे खरा, पण अपघात विभागाच्या दारात तो कोणी उच्चारील अशी अपेक्षा त्याच्या कर्त्यांनीही केली नसेल.

ह्या सैल नामव्यवहाराचे परिणाम डोळ्याच्या बाबतीत सारखे नसतात. १९५९ पासून बाजारात असलेले पांढरे फेविकॉल हे पाण्यात विखुरलेले द्रव्य आहे; ते डोळ्यात गेले तर भरपूर पाण्याने धुवून निघते आणि सहसा मोठी इजा करीत नाही. पंक्चर काढणाऱ्याच्या सोल्यूशनमध्ये रबर विरघळविणारा द्रावक असतो आणि तो डोळ्याचा दाह करतो. अ‍ॅराल्डाइटसारखे दोन नळ्यांतून काढून कालवावयाचे जे आसंजक असते, त्यातील घट्ट करणारा भाग अल्कधर्मी असतो आणि तो डोळा भाजू शकतो. ‘फेविक्विक’ ह्या नावाने आपल्याकडे परिचित असलेला, इंग्रजीत ‘सुपरग्लू’ म्हणून ओळखला जाणारा पदार्थ ह्या सर्वांहून वेगळा. तो सायनोअ‍ॅक्रिलेट होय. फेविकॉल आणि फेविक्विक ह्या दोन नावांचा आरंभ एकच असल्यामुळे घाईत एकाच्या जागी दुसरे तोंडी येणे अशक्य नाही. म्हणून अनुभवी वैद्य पदार्थाचे नाव विचारून थांबत नाही. तो पांढरा होता की पाण्यासारखा, नळी एक होती की दोन, बोटांना लागला असता तो किती वेळात सुकला, असे विचारतो. शक्य असेल तर नळीच सोबत आणावयास सांगतो.

सायनोअ‍ॅक्रिलेटचा शोध अपघातानेच लागला. १९४२ मध्ये अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर ह्यांचे पथक बंदुकीच्या नेमसाधनासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. हाती आलेले हे द्रव्य ज्याला लागेल त्याला चिकटते, म्हणून ते निरुपयोगी समजून बाजूस ठेवण्यात आले. १९५१ मध्ये कूव्हर ह्यांच्याच हाताखाली काम करणाऱ्या फ्रेड जॉयनर ह्यांनी प्रकाशाचे वक्रीभवन मोजण्याच्या उपकरणात, दोन लोलकांच्या मध्ये, ह्या द्रव्याचा पातळ थर दिला; मोजणी झाली, पण लोलक एकमेकांपासून सुटेनात. तेव्हा त्याचे मोल ध्यानात आले आणि १९५८ मध्ये ‘ईस्टमन ९१०’ ह्या नावाने ते विक्रीस आले. त्याने प्रथम निकामी केलेली मौल्यवान वस्तू प्रकाशाशी संबंधित, काचेची होती, हा योगायोग नेत्रवैद्यांना सूचक वाटल्यास नवल नाही.

त्याचे कार्य कसे चालते हे समजले की उपचारांतील बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. घरगुती नळीत बहुधा एथिल सायनोअ‍ॅक्रिलेट असते. त्याचे सुटे रेणू लेशमात्र आम्लाच्या साहाय्याने द्रवरूपात राखलेले असतात. ओलाव्याचा स्पर्श होताच पाण्यातील हायड्रॉक्सिल आयनांमुळे हे रेणू एकमेकांस जोडले जाऊन लांब साखळ्या तयार होतात आणि काही सेकंदांत द्रवाचे कठीण प्लास्टिक होते. ह्या क्रियेत उष्णता बाहेर पडते. सर्वसाधारण समज असा की, असले द्रव्य ‘सुकल्यावर’ चिकटते. वस्तुतः ते ओलाव्याने घट्ट होते. ‘सुकणे’ हे क्रियापद येथे दिशाभूल करते, कारण त्यावरून पाणी लागले तर ते पातळच राहील असे वाटते. डोळा तर सदैव अश्रूंनी ओला असतो. थेंब पडताच तो पृष्ठभागावरच गोठतो, आत फारसा झिरपत नाही, आणि नेमक्या ह्याच कारणाने बहुतेक रुग्णांची दृष्टी वाचते. शिवाय सतत ओल्या राहणाऱ्या आणि आपल्या वरच्या पेशी झडून टाकणाऱ्या जिवंत पृष्ठभागावर त्याची पकड चिरकाल टिकत नाही. ज्या अश्रूंनी ते घट्ट होते त्याच अश्रूंनी ते पुढे सैल पडते. मिटलेला डोळा काहीही न करता बहुधा एक ते चार दिवसांत आपोआप उघडतो.

तर मग इजा कोठे होते? ती दोन ठिकाणी होते. गोठलेला तुकडा पापणीच्या आतल्या बाजूस किंवा बुबुळापुढील पारदर्शक पटलावर बसला तर प्रत्येक उघडझापीबरोबर त्याची कड घासत राहते. पटलावरील पातळ आवरण खरवडले जाते, डोळा लाल होतो, प्रकाश सहन होत नाही, पाणी वाहते आणि आत खडा असल्यासारखे खुपते. अशी खरवड स्वच्छ राहिली तर बहुधा दोन-तीन दिवसांत भरून येते. तीत जंतूंचा शिरकाव झाला तर व्रण होऊन, बोलीत ज्याला ‘फूल पडणे’ म्हणतात, तसा कायमचा पांढरा डाग राहण्याची भीती असते. दुसरी इजा माणूस स्वतः करतो. बंद डोळा पाहून घरातील कोणीतरी पापण्या दोन्ही बाजूंनी ओढतो. त्या ओढीने पापणीच्या कडेची त्वचा फाटते, केस मुळासकट उपटले जातात, आणि तुकडा पटलाला धरून असेल तर त्याबरोबर पटलाचे आवरणही सोलले जाते. मूळ अपघाताहून ह्या उपकाराचे परिणाम अधिक वाईट होऊ शकतात.

येथे मराठीतील एक उणीव उघडकीस येते. ‘पापणी’ हा शब्द आपण डोळ्यावरील कातडीच्या झाकणालाही लावतो आणि तिच्या कडेच्या केसांनाही. ‘पापणी लवते’ ह्यात पहिला अर्थ, ‘पापणी गळून गालावर पडली’ ह्यात दुसरा. हिंदीत पलक आणि बरौनी असा भेद आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नेत्राची पाच मंडले सांगताना पक्ष्म म्हणजे केस आणि वर्त्म म्हणजे झाकण ही दोन स्वतंत्र धरलेली आहेत. मराठीने हा भेद व्यवहारात सोडून दिला, आणि एरवी त्यावाचून काही अडलेही नाही. परंतु ‘पापण्या चिकटल्या’ असे कोणी सांगितले तर उपचार करणाऱ्याला नेमके काय समजावे? केवळ केसच एकमेकांत गुंतले असतील तर बारीक कात्रीने त्यांची टोके कापली की डोळा उघडतो, आणि केस पुन्हा येतात. झाकणांच्या कडाच जुळल्या असतील तर कात्रीला तेथे वाव नसतो. तेथे मलम आणि वाट पाहणे हाच मार्ग. अपघात विभागातील टिपणांत ‘पापण्यांचे केस’ आणि ‘पापण्यांच्या कडा’ असे दोन शब्दप्रयोग कटाक्षाने वेगळे ठेवणे एवढ्यापुरते सहज शक्य आहे. ‘पक्ष्म’ पुन्हा प्रचारात आणण्याचा आग्रह त्यासाठी धरावयास नको.

घरी करावयाचे उपचार थोडे आहेत. डोळा उघडा असेल तर कोमट स्वच्छ पाण्याची संथ धार पंधराएक मिनिटे सोडावी. डोळ्यात लेन्स असल्यास ती ओढून काढू नये. डोळा बंद असेल तर पापण्यांवर कोमट पाणी सोडून, चांगली भिजविलेली स्वच्छ गॉजची घडी ठेवावी आणि तसेच नेत्रतज्ज्ञाकडे जावे. ओला थेंब टिपण्यासाठी घरात सर्वांत आधी हाताशी येतो तो कापसाचा कोरडा बोळा, आणि तोच ह्या प्रसंगी वर्ज्य आहे. कापसाशी संयोग होताच सायनोअ‍ॅक्रिलेट वेगाने घट्ट होऊन इतके तापते की त्वचेला चटका बसू शकतो. बोटांवरील आसंजक काढण्यास वापरतात ते अ‍ॅसिटोन किंवा नखांचा रंग पुसण्याचे द्रव्य डोळ्याच्या आसपासही आणू नये. त्याने पटलाला नवी इजा होते. चोळू नये, ओढू नये.

रुग्णालयात आल्यावर पहिले काम पदार्थाची खातरजमा करण्याचे. पदार्थ निश्चित नसेल आणि डोळा थोडाही उघडत असेल तर पापणीच्या आतील ओलाव्याला आम्ल-अल्कतेची कागदी पट्टी लावून पाहतात. ही क्षुल्लक वाटणारी चाचणी महत्त्वाची आहे, कारण आपल्याकडे ‘डोळ्यात काहीतरी चिकट गेले’ असे सांगितले जाते तेव्हा ते तंबाखूबरोबर खाण्याचा चुनाही असू शकतो. चुन्याची पुडी किंवा नळी दाबताना ती फुटून मुलांच्या डोळ्यात चुना उडाल्याची उदाहरणे भारतीय नेत्रवैद्यांना चांगलीच परिचित आहेत. चुना अल्कधर्मी असल्यामुळे तो थांबत नाही. पटलाच्या आत आत शिरत जातो. तेथे पापण्या बळेच उघड्या धरून, वरची पापणी उलटून, कण काढून अर्धा तास आणि गरज पडल्यास त्याहून अधिक वेळ, पट्टीचा रंग सामान्य होईपर्यंत, धुवावेच लागते. एका अपघातात डोळा जबरीने उघडणे हा उपचार आहे आणि दुसऱ्यात तीच इजा आहे. ‘डोळ्यात रसायन गेल्यास डोळा उघडा धरून पाण्याने धुवा’ ही शाळा-कारखान्यांतील भिंतींवर लिहिली जाणारी सूचना चुन्यासाठी, आम्लासाठी, सिमेंटसाठी अगदी योग्य आहे. तीत आसंजकासाठी एका अपवादवाक्याची भर मात्र हवी. पदार्थ कोणता हे कळण्यास काहीच मार्ग नसेल तर संशयाचा फायदा चुन्याला द्यावा आणि धुण्यास आरंभ करावा.

सायनोअ‍ॅक्रिलेटच आहे हे ठरल्यावर घाई संपते. प्रथम दोन्ही डोळ्यांची दृष्टी, जितकी तपासता येईल तितकी, तपासून नोंदवितात. बधिर करणारे थेंब घातल्यावर रुग्णाला आराम पडतो आणि पाहणे शक्य होते. पापण्यांच्या कडांवर जंतुनाशक नेत्रमलम किंवा निर्जंतुक पेट्रोलियम मलम लावून हलक्या हाताने चोळले की कवच सैल होऊ लागते. गुंतलेले केस कापता येतात. डोळा उघडला की स्लिट लॅम्पखाली पटल पाहतात. फ्लुओरेसीन नावाचे नारिंगी रंगद्रव्य घातले असता खरवडलेला भाग निळ्या प्रकाशात हिरवा चमकतो. सुटा किंवा अर्धवट सुटलेला तुकडा चिमट्याने उचलून काढतात. पटलाला घट्ट धरून बसलेला तुकडा मात्र ओरबाडून काढण्याचा मोह टाळावा लागतो. खालचे आवरण नव्याने वाढू लागले की तो आपोआप सुटतो. वरची पापणी उलटून तिच्या आतल्या बाजूस लपलेले कण शोधण्यास विसरता कामा नये, कारण बाहेरून सारे स्वच्छ दिसत असता हाच लपलेला कण दुसऱ्या दिवशी नवी खरवड करतो.

लहान मुलांचा प्रश्न अधिक नाजूक. मूल रडते, हलते, पाहू देत नाही. प्रसंगी गुंगीचे औषध किंवा भूल देऊन तपासणी करावी लागते. मोठ्या माणसाचा डोळा तीन दिवस मिटलेला राहिला तर गैरसोयीपलीकडे फार काही बिघडत नाही. अगदी तान्ह्या मुलाच्या दृष्टीची घडण अद्याप चालू असते, म्हणून तेथे वाट पाहण्याची मुदत नेत्रतज्ज्ञानेच ठरवावयाची असते.

अशा अपघातांची कारणे पाहू गेल्यास त्यांतील बरीचशी वाचनाच्या चुकीत सापडतात. १९८४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये, ग्राहकांना असलेला धोका ह्या स्वरूपात, हा विषय मांडला गेला. १९९० साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात कृत्रिम नखे चिकटविण्याचे द्रव्य डोळ्याचे औषध समजून घातल्याची हकिकत आली. आसंजकाची बाटली आणि औषधाची बाटली ह्यांचा आकार, उंची, टोकदार तोंड, एक थेंब पडावा अशी दाबण्याची रीत, सर्व सारखे. चिठ्ठीवरील अक्षरे ही भाषेची खूण. परंतु रोजच्या वापरातील वस्तू मनुष्य अक्षरांवरून ओळखत नाही, हाताला लागणाऱ्या आकारावरून ओळखतो. त्यातून डोळ्यांची औषधे ज्याच्या उशाशी असतात तो बहुधा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेला किंवा काचबिंदूचा रुग्ण असतो. त्याला दिसत कमी, थेंब घालावयाचे ते अंथरुणात, चष्मा काढून. ज्या वाचकासाठी इशाऱ्याचा मजकूर लिहावयाचा तोच तो वाचू शकत नाही, असा हा विलक्षण प्रकार आहे. अक्षरे मोठी केल्याने थोडा लाभ होईल. बाटलीचा आकार वेगळा केल्याने अधिक होईल. भाषेच्या अभ्यासकाने हे मान्य करण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

लहान नळ्यांचा अपघात थोडा वेगळ्या वाटेने घडतो. नळीचे तोंड टोचण्यासाठी ती चेहऱ्याजवळ धरली जाते, किंवा तोंड बुजले म्हणून जोराने दाबली अथवा दातांत धरली जाते, आणि द्रव उडतो. बोटाच्या दोन पेरांएवढ्या नळीवर सूचना मावणार त्या किती, आणि मराठीत किती? अशा ठिकाणी चित्राची खूण शब्दाहून उपयोगी. कृत्रिम पापण्या लावण्याच्या सौंदर्यप्रसाधनगृहांत वापरले जाणारे आसंजकही बहुधा ह्याच कुळातील असते. तेथे तर काम डोळ्याच्या अगदी कडेलाच चालते.

विशेष म्हणजे ह्याच द्रव्याचे भाऊबंद नेत्रवैद्य स्वतः वापरतात. १९६८ साली अमेरिकेत वेब्स्टर, डोलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पटलाला पडलेले छिद्र आसंजकाने बुजविण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि आजही लहान छिद्रांसाठी ती उपयोगात आहे. तेथील ब्यूटिल प्रकारची साखळी लांब असते, उष्णता कमी निघते आणि विघटन सावकाश होते. त्वचेच्या जखमा सांधण्यासाठी ऑक्टिल प्रकाराला १९९८ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. एखाद्या रुग्णाच्या कागदावर ‘डोळ्यात गोंद’ असे लिहिलेले असेल तर तो अपघात आहे की उपचार, हे त्यामुळे पुढील ओळ वाचल्याखेरीज ठरत नाही.

रुग्णास घरी पाठविताना द्यावयाच्या सूचना तोंडी तर द्याव्यातच, पण साध्या मराठीत लिहूनही द्याव्यात. मलम दिवसातून किती वेळा, हे आकड्यात लिहावे. दुखणे थांबविण्यासाठी गोळी द्यावी. तपासताना घातलेले बधिर करणारे थेंब रुग्णाने कितीही आग्रह केला तरी घरी देऊ नयेत, कारण ते वारंवार घातल्यास जखम भरत नाही आणि वेदना नसल्यामुळे ती वाढत असल्याचे कळतही नाही. ‘डोळा उघडला नाही तर या’ असे लिहिणे घातक आहे; त्याचा अर्थ ‘उघडून पाहा’ असा घेतला जातो. ‘डोळा आपोआप उघडू द्या, उघडला तरी आणि न उघडला तरी उद्या दाखवावयास या’ असे लिहावे. वेदना वाढली, दिसणे मंद झाले, बुबुळावर पांढरा ठिपका दिसला किंवा पू आला, तर उद्याची वाट न पाहता त्याच घटकेस यावे. दुसऱ्या दिवशी पुन्हा रंगद्रव्य घालून खरवड किती भरली ते पाहतात, आणि डोळा अद्याप मिटलेलाच असला तर पुन्हा मलम, पुन्हा ओली घडी आणि तिसऱ्या दिवसाची वेळ, एवढेच करावयाचे असते.